भैय्या चौकातल्या डॉक्टरचं शेवटचं वर्ष

समजा, तुमचं एमबीबीएस झालंय. पुढे पीजी करायचंय, त्यासाठी अभ्यास चालू आहे. घर सोलापुरात, वडील नोकरीवाले, पाठीमागे बहीण-भावंडांची मोठी रांग. अशात पेपरमध्ये एक आवाहन येतं, की परदेशात युद्ध चालू आहे आणि तिथे डॉक्टर हवेत. पगाराचं नाव नाही, परत कधी येणार ते नक्की नाही. तुम्ही अर्ज भरला असता का? खरं सांगा. मी डॉक्टर नाही, पण मी बहुतेक भरला नसता.

द्वारकानाथ शांताराम कोटणीसने भरला. वर्ष होतं १९३८. त्या वर्षी तो अठ्ठावीस वर्षांचा होणार होता.

आपण त्यांना कायम 'डॉ. कोटणीस' म्हणत आलोय. शाळेत निबंध लिहिला तेव्हाही, जयंतीला हार घातला तेव्हाही. पण हे सगळं घडलं तेव्हा तो आपल्यापेक्षा जेमतेम पाच-सहा वर्षांनी मोठा होता. म्हणून इथे मी एकेरीत लिहितेय, मोठ्या माणसांनी माफ करावं. पुतळा झाला की माणसाचं वय कळेनासं होतं.

त्याचा जन्म १० ऑक्टोबर १९१०चा, आपल्या सोलापूरचा. तेव्हा हे गिरण्यांचं गाव होतं, भोंग्यावर दिवस उगवायचा. डॉक्टरकी त्याने मुंबईच्या सेठ जी. एस. मेडिकल कॉलेजातून केली. म्हणजे केईएमवाल्या कॉलेजातून. पुढे शिकायचं होतं, जग बघायचं होतं. सोलापुरातून मुंबईला गेलेल्या कुठल्याही हुशार मुलाला जे वाटतं, ते त्यालाही वाटायचं.

मधली गोष्ट थोडक्यात सांगते, कारण मला बोलायचंय ते त्याच्या शेवटच्या वर्षाबद्दल. जुलै १९३७ मध्ये जपानने चीनवर पूर्ण ताकदीने हल्ला केला. चीनच्या आठव्या मार्ग सेनेचे सेनापती चू तेह यांनी पंडित नेहरूंना पत्र लिहून मदत मागितली. तेव्हा काँग्रेसचे अध्यक्ष होते सुभाषबाबू. त्यांनी देशाला आवाहन केलं, सुमारे बावीस हजार रुपये जमले, आणि पाच डॉक्टर निवडले गेले. अलाहाबादचे मदन अटल हे प्रमुख, नागपूरचे चोळकर, कलकत्त्याचे बिजॉय बसू आणि देबेश मुखर्जी, आणि आपला कोटणीस. १ सप्टेंबर १९३८ला मुंबईहून बोट सुटली. एक गोष्ट लक्षात घ्या, हा देश तेव्हा स्वतःच गुलाम होता. आपल्याकडे सरकार नव्हतं, सैन्य नव्हतं. तरी आपण दुसऱ्या देशाला डॉक्टर पाठवत होतो!

तिकडे पोचल्यावर पुढच्याच महिन्यात वुहान शहर पडलं. मागे हटत हटत सगळे चुंगकिंगला गेले. तिथे या पाचही जणांना चिनी नावं मिळाली आणि प्रत्येकाच्या नावामागे 'हुआ' हे अक्षर लागलं. हुआ म्हणजे चीन. कोटणीसचा झाला 'के दिहुआ'. आजही चीनमध्ये तो याच नावाने माहीत आहे. तिथल्या कुणाला 'कोटणीस' म्हणून विचारलंत तर कदाचित नाही कळणार, 'के दिहुआ' म्हटलं की कळेल.

चुंगकिंगमध्येच घरची बातमी आली. वडील गेले. ज्या घरात बाप जातो आणि धाकटी भावंडं मागे असतात, तिथे शिकलेल्या मुलाने काय करायचं हे आपल्याकडे कुणी कुणाला सांगावं लागत नाही. सोबतच्यांनीही त्याला परत जायला सुचवलं. तो गेला नाही. इथे मला थांबावंसं वाटतं. आपण त्याची गोष्ट सांगतो तेव्हा हे वाक्य फार पटकन म्हणून टाकतो, जणू त्यात अवघड काहीच नव्हतं. घरच्यांच्या बाजूने बघा की एकदा. त्याच्या न येण्याचा भार कुणीतरी इथे सोलापुरात उचलला. त्या माणसांचे पुतळे होत नसतात.

फेब्रुवारी १९३९ मध्ये ते येनानला पोचले. डोंगरात कोरलेल्या गुहांमधून राहणं, गुहेतच दवाखाना. पुढे एकेक करून अटल, चोळकर, मुखर्जी परतले. मुदत तशी कधीच संपली होती. कोटणीस आणि बसू आघाडीवर गेले, आणि नंतर बसू येनानला परतला. हेबेई प्रांताच्या डोंगराळ भागात, जपान्यांनी चहूबाजूंनी घेरलेल्या मुलखात, भारतीय असा एकटा कोटणीस उरला. तिथे आधी नॉर्मन बेथून नावाचा कॅनेडियन सर्जन काम करायचा. शस्त्रक्रिया करताना बोट कापलं, विष अंगात भिनलं आणि नोव्हेंबर १९३९ मध्ये तो वारला. त्याच्या नावाने जे हॉस्पिटल सुरू झालं, त्याचा पहिला संचालक म्हणून जानेवारी १९४१ मध्ये कोटणीसला नेमलं. वय तीस.

तर आता ते वर्ष. १९४१च्या हिवाळ्यापासून १९४२च्या हिवाळ्यापर्यंतचं.

त्याची सुरुवात लग्नाने झाली. मुलीचं नाव गुओ चिंगलान. नर्सिंग शिकवायची, शिकलेली, इंग्रजी येणारी. १९४०च्या उन्हाळ्यात बेथूनच्या समाधीच्या कार्यक्रमात त्यांची पहिल्यांदा गाठ पडली होती. कोटणीसला तोवर चिनी चांगलं येत होतं, तो चिनी भाषेतूनच शिकवायचा, लिहायचासुद्धा. १९४१च्या अखेरीस दोघांनी लग्न केलं. तुम्ही 'डॉ. कोटणीस की अमर कहानी' पाहिला असेल तर डोळ्यांसमोर जयश्रीबाई येतील. ते विसरा. हे लग्न सिनेमातलं नव्हतं. एक खेडं, थंडी, आणि कुठल्याही रात्री बोचकं उचलून निघायची तयारी.

त्याच डिसेंबरात तिकडे समुद्रात जग उलटंपालटं झालं. जपानने पर्ल हार्बरवर बॉम्ब टाकले. नाताळच्या दिवशी हाँगकाँग पडलं. फेब्रुवारी १९४२ मध्ये सिंगापूर, मार्चमध्ये रंगून. नकाशा काढून बघा. सोलापूर आणि कोटणीस यांच्यामध्ये जे जे रस्ते होते, ते एकेक करून बंद होत गेले. ज्या बंदरांवरून तो गेला होता, तीच आता शत्रूच्या हातात होती. आधी परत न येणं हा त्याचा निर्णय होता. आता यायचं ठरवलं असतं तरी ते सोपं राहिलं नव्हतं.

हॉस्पिटल म्हटलं की आपल्याला सिव्हिल हॉस्पिटलची इमारत आठवते. तसलं काही तिथे नव्हतं. हॉस्पिटल म्हणजे दोन-चार खेडी. शेतकऱ्यांच्या घरांतून पेशंट ठेवलेले, एखाद्या देवळात किंवा वाड्यात ऑपरेशनचं टेबल. जपानी फौजा 'सफाई' मोहिमा काढायच्या, म्हणजे गावंच्या गावं जाळत यायच्या. १९४२च्या मे महिन्यात मध्य हेबेईत अशीच एक भयंकर मोहीम झाली. फौज येतेय अशी खबर आली की जखमींना उचलून डोंगरात न्यायचं आणि ती गेली की परत आणायचं. नाकेबंदीमुळे औषध येत नव्हतं. बँडेज धुऊन परत वापरायची. गुंगीचं औषध जपून. सामान गावच्या सुताराकडून, लोहाराकडून बनवून घ्यायचं.

खाणं काय तर राळं. हो, आपल्याकडच्या आज्या ज्याचा भात करायच्या तेच राळं. आपल्याकडे ते आता मिलेट म्हणून महागाने विकतात. तिकडे ते सैनिकाचं रोजचं जेवण होतं आणि त्या वर्षी तेही पोटभर मिळेल याची खात्री नव्हती, कारण युद्धाच्या जोडीला दुष्काळही होता. दुष्काळ काय असतो ते सोलापूरच्या माणसाला वेगळं सांगायला नको.

काम किती होतं? त्याआधी १९४०च्या मोठ्या लढाईत त्याने आठशेवर जखमींवर उपचार केले, एकदा सलग बहात्तर तास झोपेविना ऑपरेशनं केली, असं त्याच्या चरित्रांत येतं. आपण हाच आकडा घोकतो. पण मला जास्त महत्त्वाचं वाटतं ते त्याचं शिकवणं. एक सर्जन किती जणांना पुरणार? त्याने खेड्यांतून आलेल्या पोरापोरींना सर्जरी शिकवायला घेतली. पुस्तकं नव्हती, म्हणून स्वतःच लिहायला बसला. सर्जरीची प्राथमिक ओळख करून देणारं एक पाठ्यपुस्तक त्याने पूर्ण केलं आणि दुसरं, जास्त सविस्तर, हातात घेतलं. दिवसा ऑपरेशन आणि वर्ग, रात्री दिव्यापाशी लिखाण. पुस्तक चिनी विद्यार्थ्यांसाठी. ज्या मुलाला स्वतःचं पीजी करायचं होतं, तो दुसऱ्यांचा अभ्यासक्रम तयार करत होता.

आणि याच सगळ्यात तो आजारी होता. त्याला अपस्माराचे झटके येत होते. आपण बोलीत फिट्स म्हणतो. अपस्मारावर तेव्हाही औषधं होती, फिनोबार्बिटोन तर १९१२ पासून वापरात होतं. पण त्या डोंगरात आयोडीन मिळायची मारामार. झोप नाही, धड खाणं नाही, थंडी आणि ताण. ज्याला झटके येतात त्याच्यासाठी यातली प्रत्येक गोष्ट वाईट. तो स्वतः डॉक्टर होता, हे त्याला कुणी समजवायची गरज नव्हती. वरिष्ठांनी त्याला आघाडी सोडून उपचारासाठी जायला सुचवलं, विश्रांती घ्यायला सांगितलं. त्याने ऐकलं नाही.

मला हे वाचताना कौतुकापेक्षा राग जास्त आला, सांगून टाकते. आपल्याकडे त्यागाच्या गोष्टीत राग यायला बंदी असते. पण बायको गरोदर होती. जपायला हवं होतं की नाही? माझ्याकडे उत्तर नाही. त्याच्या जागी दुसरा सर्जन नव्हता, हेही तितकंच खरं आहे. तो टेबलापासून उठला असता तर समोरचा जखमी मेला असता. त्याच्या बाजूने हिशोब इतका साधा असेल.

जुलैमध्ये तो चिनी कम्युनिस्ट पक्षाचा सभासद झाला. काहींना इथे अडायला होतं. अडा. पण तारखाही बघा. तो गेला तो काँग्रेसने पाठवलेला डॉक्टर म्हणून. सभासद झाला ते ज्या लोकांबरोबर जवळजवळ चार वर्षं काढली, त्यांच्यातला एक म्हणून.

ऑगस्ट १९४२. इकडे मुंबईत गवालिया टँकवर ठराव झाला आणि ९ तारखेच्या पहाटे सगळे पुढारी उचलले गेले. ज्या नेहरूंना चू तेह यांचं पत्र आलं होतं, ते आता अहमदनगरच्या किल्ल्यात कैदी होते. ज्या सुभाषबाबूंनी अध्यक्ष म्हणून पाच डॉक्टर पाठवले होते, ते इंग्रजांच्या पहाऱ्यातून निसटून बर्लिनला पोचले होते, आणि पुढच्या वर्षी ते जपानच्या मदतीने लढाई उभी करणार होते. म्हणजे ज्या जपानच्या हल्ल्यात जखमी झालेल्यांसाठी त्यांनी कोटणीसला पाठवलं, त्याच जपानच्या. इतिहासाच्या परीक्षेत हे दोन धडे वेगवेगळ्या पानांवर येतात. एकत्र ठेवले की डोकं चक्रावतं. यात कोण चुकलं हे ठरवायची मला घाई नाही. आपापल्या गुलामीतून सुटायला धडपडणारे दोन देश, दोघांचे शत्रू वेगळे, आणि मधे अडकलेला आपल्या गावचा एक सर्जन.

त्याच महिन्यात, २३ ऑगस्टला, त्याला मुलगा झाला. नाव ठेवलं यिनहुआ. 'यिन' म्हणजे भारत आणि 'हुआ' म्हणजे चीन. हे नाव सेनापती न्ये रुंगचन यांनी सुचवलं होतं. आपल्याकडे आई-बाबांच्या नावातली अक्षरं जोडून मुलांची नावं ठेवतात ना, तसंच, फक्त इथे दोन देश जोडले होते.

सप्टेंबर, ऑक्टोबर, नोव्हेंबर. झटके वाढत गेले. १० ऑक्टोबरला तो बत्तीस वर्षांचा झाला. दुसऱ्या पुस्तकाची पानं वाढत होती.

८ डिसेंबरच्या संध्याकाळीही तो लिहीत होता. मग झटका आला. एक ओसरला की दुसरा. गाव होतं तांग तालुक्यातलं गेगुंग, बाहेर उत्तर चीनचा हिवाळा. रात्रभर सहकाऱ्यांनी आणि गुओ चिंगलानने होतं नव्हतं ते केलं. ९ डिसेंबर १९४२च्या पहाटे सव्वासहाच्या सुमारास तो गेला. गोळी नाही, बॉम्ब नाही. मुलगा एकशेआठ दिवसांचा होता. दुसरं पुस्तक अर्धं राहिलं.

त्याला तिथेच, लोकांच्या गर्दीत पुरलं. माओने श्रद्धांजली लिहिली, चौ एन-लाय यांनी त्याच्या घरच्यांना पत्र पाठवलं. १९४३ मध्ये बसूही भारतात परतला. पाचातला एक आला नाही. ख्वाजा अहमद अब्बास यांनी बसूकडून सगळं ऐकून पुस्तक लिहिलं आणि त्यावरून १९४६ मध्ये व्ही. शांताराम यांनी सिनेमा काढला. कोटणीसची भूमिका स्वतः शांतारामबापूंनी केली. सिनेमा गाजला, आणि देशभर जो कोटणीस लोकांना माहीत झाला तो बराचसा सिनेमातला.

चीनमध्ये त्याच्या अस्थी पुढे शिजियाझुआंगच्या शहीद स्मारकात नेल्या. बेथूनची समाधीही त्याच आवारात आहे. १९८२ मध्ये चीनने त्याच्यावर टपाल तिकिटं काढली, आपण १९९३ मध्ये काढलं. चीनचे मोठे नेते भारतात आले की कोटणीस कुटुंबीयांना भेटायची पद्धतच पडून गेली होती.

आता तुमच्यातल्या कुणीतरी विचारेलच. सीमेवर काय चाललंय आणि तुम्ही चीनच्या हिरोचं काय सांगताय? मला हा प्रश्न एका मित्राने तोंडावर विचारला, मी हे लिहायला बसले त्याच दिवशी. १९६२ झालं, गलवान झालं, तेव्हा प्रश्न चुकीचा नाही. पण कोटणीसने जी माणसं शिवली, ती ज्यांची घरं जाळली गेली होती अशी खेड्यातली माणसं होती. त्या वेळी चीनमध्ये आजचं सरकार नव्हतं आणि आपल्याकडे तर आपलं सरकारच नव्हतं. दोन्ही देशांनी नंतर जे केलं त्याचं बिल बत्तीसाव्या वर्षी गेलेल्या माणसाच्या नावावर कसं फाडायचं? मित्राला हे पटलं की नाही, माहीत नाही. तो चहाचे पैसे देऊन निघून गेला.

यिनहुआचं सांगायचं राहिलं. तोही डॉक्टरच होणार होता. पण शिक्षण पुरं व्हायच्या आतच, १९६७ मध्ये, तो वारला. पंचविशीसुद्धा गाठली नव्हती किंवा नुकतीच गाठली होती. बापापेक्षाही लहान.

गुओ चिंगलान मात्र खूप जगली. तिने पुढे दुसरं लग्न केलं, दालियन शहरात राहिली, आणि अनेकदा भारतात आली. कोटणीससोबतच्या दिवसांवर तिने पुस्तकही लिहिलं. जून २०१२ मध्ये ती गेली तेव्हा शहाण्णव वर्षांची होती. कोटणीसबरोबरचा तिचा संसार जेमतेम वर्षभराचा.

त्याचं घर, म्हणजे स्मारक, भैय्या चौकात आहे. कॉलेजला जाता-येता आपण त्याच्यासमोरून गाडी पळवतो. एकदा गाडी बाजूला लावून आत जा. आणि आत गेलात की फोटोंमध्ये त्याचं वय शोधा.